डेझर्ट सफारीची संध्याकाळ, संकष्टी आणि नऊ पुणेकर: एक प्रकरण

सहकारनगरचं एक कुटुंब डिसेंबरात दुबईला जाऊन आलं आणि आल्या आल्या थोरला मुलगा माझ्याकडे व्हाउचर घेऊन हजर. म्हणाला, ताई, ह्यात आम्हाला सरळसरळ गंडवलंय, रिफंड मिळेल का बघा. बुकिंग माझ्याकडचं नव्हतं, दुसऱ्या कुणाकडून केलेलं, पण मी घरून तिकिटं-व्हिसाची कामं करते त्यामुळे असली व्हाउचरं माझ्या रोजच्या वाचनातली. वाचून काढलं तर गंडवलं म्हणावं असं फारसं काही सापडेना, जे लिहिलं होतं ते जवळपास सगळं मिळालं होतं. आणि तरी नऊ जणांपैकी सहा जण नाराज होते. हे कसं काय ते बघायचं म्हणून एका रविवारी त्यांच्याकडे गेले, प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं, मोबाइलमधल्या फोटोंच्या वेळा पाहिल्या आणि ती संध्याकाळ पुन्हा एकदा मिनिटामिनिटानं मांडून बघितली. नावं देत नाहीये, कुटुंबाची नाही आणि टूरवाल्यांचीही नाही.

माणसं कोण ते आधी सांगते कारण सगळं त्यावरच अडलं. आजोबा अठ्ठ्याहत्तरचे, तब्येत ठणठणीत, संगीत नाटकांचे वेडे. आजींचे गुडघे गेलेले, मांडी घालून बसणं बंद होऊन बरीच वर्षं झाली. थोरला मुलगा आणि वहिनी, त्यांची मुलगी नववीत आणि मुलगा चौथीत. धाकटा मुलगा, त्याची बायको आणि चार वर्षांची छोटी. धाकटा सोडून सगळे शाकाहारी. आणि आजी नि वहिनी दोघींची संकष्टी, जी नेमकी त्याच दिवशी होती, कारण तारीख टूरवाल्यांनी त्यांच्या सोयीनं ‘तिसरा दिवस, डेझर्ट सफारी’ अशी टाकलेली. वहिनींना हे पुण्यातच कळलं होतं, कालनिर्णय बघूनच त्या बॅग भरतात, पण त्यात चंद्रोदयाच्या वेळा आपल्याकडच्या गावांच्या असतात, दुबईची कुठून असणार. मग ‘बघू तिथे गेल्यावर’.

व्हाउचरवर होतं ते असं: बार्बेक्यू डिनर आणि लाइव्ह शोसह डेझर्ट सफारी, शेअरिंग बेसिस, पिकअप ३ ते ३:३०.

आता ह्या एका ओळीत पुणेकर माणूस काय वाचतो बघा. शो म्हटलं की त्याच्या डोक्यात बालगंधर्व. नंबराची खुर्ची, तिसरी घंटा, पडदा, मध्यंतरात बटाटावडा, आणि जेवण एकतर आधी उरकून किंवा नंतर बाहेर निवांत. आजोबांनी तर धाकट्याला विचारलंही होतं की आपली रांग कितवी. प्रत्यक्षात असल्या संध्याकाळी शो मिळतो साधारण तासाभराचा, जेवण वीस-पंचवीस मिनिटांचं, आणि बाकी चार-पाच तास म्हणजे गाडी, थांबणं, वाळू, परत थांबणं, रांग आणि परत गाडी. पैसे जेवणाचे आणि शोचे दिलेत असं वाटतं खरं, पण तुम्ही खरेदी केलेलं असतं एक वेळापत्रक, तेही पंधरा-वीस गाड्यांच्या ताफ्याचं, जे तुमच्यासाठी पाच मिनिटंसुद्धा थांबत नाही. नऊ जणांच्या सगळ्या तक्रारी मला ह्या घड्याळाशी येऊन चिकटलेल्या दिसल्या.

दुपारपासून सुरुवात करू. हॉटेल बर दुबईत, मीना बाजार जवळ, तिथं आपलं सगळं खाणं मिळतं म्हणून दीड वाजता सगळ्यांनी पावभाजी हाणली, उपासवाल्या दोघी सोडून. सव्वातीनला दोन लँड क्रूझर आल्या. एका गाडीत ड्रायव्हर सोडून सहा माणसं बसतात, म्हणजे नऊ जणांचे सहा आणि तीन असे तुकडे झाले आणि तिघांच्या गाडीत दुसरं एक कुटुंब. शेअरिंग बेसिसचा अर्थ हा, आणि तो कुणी समजावत नाही. पहिल्या गाडीत सगळ्यात मागच्या सीटवर, जिथे सगळ्यात जास्त उडायला होतं, तिथे बसला चौथीतला मुलगा. पोटात पावभाजी. पुढचं सांगायला नको.

लाहबाबच्या लाल वाळूकडे जाताना गाड्या एका दुकानापाशी थांबतात. तिथे चाकांतली हवा कमी करतात, कारण भरलेलं टायर मऊ वाळूत रुततं आणि हवा काढली की ते पसरतं, वाळूवर पकड येते. ह्या थांब्यावरच क्वाड बाइकवाले (वाळूत चालवायची चारचाकी बाइक), डोक्याला बांधायचे फडके विकणारे, सगळे गाठतात. क्वाड बाइक पॅकेजमध्ये नसते. धाकट्यानं घेतली, थोरल्याला वाटलं ती आतच आहे, आणि ‘गंडवलंय’ ह्या शब्दाची सुरुवात माझ्या मते इथे झाली.

आजींचं मात्र खरंच चुकलं होतं आणि चूक त्यांची नव्हती. टेकड्यांवरून गाडी उडवत नेतात ते डून बॅशिंग, अर्धा तास ते पाऊण तास चालतं, पाठीचं दुखणं असलेल्यांनी, हृदयाचा त्रास असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि अगदी लहान मुलांनी त्यात बसायचं नसतं. अशांना सरळ रस्त्यानं कॅम्पवर, म्हणजे जिथे जेवण नि शो असतो तिथे, सोडतात, पण ते आधी सांगावं लागतं. धाकट्यानं सांगितलं होतं, व्हॉट्सॲपवर, निळ्या टिकसकट. टूरवाल्यानं ते पुढे कळवलंच नाही, ड्रायव्हरला पत्ताच नव्हता. मग आजी-आजोबा, छोटी आणि तिची आई असे चौघं त्या दुकानासमोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर जवळजवळ चाळीस मिनिटं बसले, दुसरी गाडी येईपर्यंत. फोटोत आजी पर्स पोटाशी धरून बसल्यात आणि मागे उंटाचं कटआउट आहे. ती एकच गोष्ट मी तक्रार म्हणून धरली.

कॅम्पवर सगळे पोचले तेव्हा सहा वाजत आलेले, अंधार पडलेला. डिसेंबरात तिकडे सूर्य साडेपाचच्या सुमाराला मावळतो. आत आल्यावर खजूर आणि गहवा, म्हणजे वेलची घातलेली फिकट अरबी कॉफी, मग उंटावरची एक छोटी चक्कर (‘सारसबागेच्या बाहेर घोड्यावर बसवतात तेवढीच’, इति नववीतली), मेंदी, अरबी कपडे घालून फोटो. ससाणा हातावर घेऊन फोटोचे पैसे वेगळे. ससाणा पाळून शिकार करण्याची ती जुनी विद्या २०१० साली युनेस्कोच्या यादीत गेलीय, कॅम्पवर तिच्यातला फक्त फोटो उरतो. आणि थंडी! दुबई म्हणजे ऊन असं धरून कुणी स्वेटर नेला नव्हता, वाळवंटात रात्र झाली की वाळू भराभर गार होते आणि हिवाळ्यात चांगलं कुडकुडायला होतं. छोटी आईच्या ओढणीत.

बसायला मधल्या स्टेजभोवती गालिचे, बुटकी टेबलं आणि लोड. आजोबांना ते मैफिलीसारखं वाटलं, ते थेट पुढे जाऊन लोडाला टेकले. आजींना खाली बसता येईना. खुर्च्या व्हीआयपी भागात होत्या, त्याचे पैसे जास्त, शेवटी मेंदीवाल्या बाईनं स्वतःची खुर्ची दिली. खुर्ची हवी हे एक वाक्य आधी सांगितलं असतं तर बहुतेक कॅम्प देतात, व्हीआयपी घ्यायची गरज नसते. व्हीआयपीत खरं काय मिळतं तर उंचावरची जागा आणि बऱ्याच ठिकाणी जेवण टेबलावर, रांगेशिवाय. रांग चुकवणं हाच त्यातला खरा माल आहे, बाकी शोभा.

रांगेचं एवढं का ते आता येतं. सातच्या सुमाराला तनुरा सुरू झाला. हा मूळचा इजिप्तकडचा, सूफींच्या गिरक्यांमधून आलेला, नाचणारा एकटा पुरुष आणि अंगावर एकावर एक जड रंगीत घेर, तो जागच्या जागी गोल फिरत राहतो आणि फिरता फिरताच वरचा घेर सोडवून डोक्यावर तरंगता ठेवतो, हल्ली त्यात दिवेही लावलेले असतात. आजोबा सांगत होते की त्याचे पाय बघायचे, घेर नाही, डावा पाय एका वितीच्या बाहेर जात नव्हता. नऊ जणांत शो खऱ्या अर्थानं पाहिला तो त्यांनी. तनुरा संपता संपता माइकवर जेवणाची घोषणा झाली आणि सगळा कॅम्प एकदम उठला. थोरला दोन ताटं घेऊन रांगेत, त्याची मुलं त्याच्या मागे, आणि रांग चालू असतानाच स्टेजवर बेली डान्स सुरू. जेवण आधी, शो नंतर असं काही नसतंच, दोन्ही एकमेकांत घुसवलेलं असतं कारण साडेआठच्या आत सगळ्यांना परत गाडीत बसवायचं असतं. थोरल्याची मोठी तक्रार हीच की ‘मी शो पाहिलाच नाही’. बरोबर आहे त्याचं, तो शोभर डाळीसाठी उभा होता. जो माणूस पहिल्या पाच मिनिटांत रांगेत जातो त्यालाच सगळ्यात जास्त उभं राहावं लागतं, वीस मिनिटं थांबून गेलं तर काउंटर मोकळा असतो आणि जेवण संपलेलं नसतं. धाकटा उशिरा गेला आणि पाच मिनिटांत कबाब घेऊन आला, ह्यावरून भावाभावांत अजून कुजबुज आहे.

बेली डान्सबद्दल घरात कुणी मोकळेपणानं बोलेना, सासरे शेजारी आणि नववीतली मुलगी दुसऱ्या बाजूला, सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून. आजींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, अगं नाचली छान, पण थंडीत कसं काय निभावते बाई. तेवढं एक मात्र सांगते की हा नाच काय नि तनुरा काय, दोन्ही तिथल्या मातीतले नाहीत. अमिरातीची स्वतःची कला म्हणजे अल-अय्याला, पुरुषांच्या दोन रांगा समोरासमोर, हातात बांबूच्या बारीक काठ्या, ढोलाच्या ठेक्यावर खांदे नि मान डोलवत, ओमान आणि अमिरातीच्या नावावर २०१४ ला युनेस्कोच्या यादीत आहे. ती कॅम्पच्या स्टेजवर क्वचितच दिसते. त्यामुळे ‘अरबी संस्कृती दाखवायला मुलांना नेतोय’ हे कारण असेल तर त्या संध्याकाळकडून ते मागू नका. मजा म्हणून जा.

शाकाहारी काउंटर वेगळा होता आणि बरा होता: डाळ, भात, मिक्स भाजी, पास्ता, हमस आणि कुबूस, म्हणजे तिकडची रोटी. आजोबांनी हमसला काबुली चण्याची चटणी म्हणून दोनदा घेतलं. पण तिथे आठ वाजले तेव्हा पुण्यात साडेनऊ, दीड तासाचा फरक आहे, आणि शरीर काय तीन दिवसांत दुबईचं होत नाही. छोटी साडेसातलाच झोपली, आग घेऊन करतात तो फायर शो जो खरा तिच्यासाठी होता तो तिनं पाहिलाच नाही. आणि ज्या दोघी दिवसभर उपाशी त्यांचा तर प्रश्नच वेगळा.

चंद्रोदय तिथल्या घड्याळात साडेआठच्या सुमाराला. जेवण सव्वासातला सुरू आणि आठ-सव्वाआठला आवरायला घेतात. म्हणजे चंद्र उगवायच्या आधी ताट बंद. सकाळपासून दोघींच्या पोटात फळं, दूध आणि पुण्याहून नेलेले राजगिऱ्याचे लाडू, तेही दुपारी संपले होते कारण मुलांनी हात मारला. वहिनींनी काउंटरवर पार्सल मागितलं, नाही मिळालं, बुफेचं बांधून देत नाहीत असा नियम. इथे त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर कामाला आला. पेशावरचा माणूस, ‘अम्माजी का रोज़ा है?’ एवढंच विचारलं, वहिनींनी मान हलवली, पुढे काही समजवावं लागलं नाही. त्यानं चहावाल्याकडून फॉइल आणून दिलं, आठ वाजता दोन ताटांतला डाळभात आणि भाजी त्यात गुंडाळून घ्यायला लावली, बरोबर मूठभर खजूर. ताफा सव्वाआठला निघाला. डांबरी रस्त्याला लागण्याआधी सगळ्या गाड्या पुन्हा थांबतात कारण चाकांत हवा परत भरायची असते, आणि त्या थांब्यावर, कॉम्प्रेसरच्या फटफटाटात, टेकडीच्या मागून जरा उशिरानं चंद्र वर आला. आजींनी पाण्याच्या बाटलीतून अर्घ्य दिलं, गाडीच्या बोनेटवर फॉइल उघडून खजुराचा नैवेद्य, आणि दोघी उभ्या उभ्या जेवल्या. ड्रायव्हरनं दुसऱ्या गाडीवाल्याला ‘दो मिनट’ म्हणून सांगितलं. ताफ्यानं दिवसभरात कुणासाठी थांबल्याची ही एकच नोंद. आजी नाराज सहांत नाहीत ते बहुधा ह्यामुळे.

मग थेट हॉटेल.

माझा निकाल थोरल्याला पटला नाही पण तो असा. रिफंड बसत नाही. गुडघ्याचं कळवूनही पुढे न कळवल्याबद्दल मी एक मेल लिहून दिला, व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट जोडून, त्यावर दोन माणसांचे थोडे पैसे परत आले. क्वाड बाइक, ससाण्याचा फोटो, शेवटी विकत दिलेले छापील फोटो, हे सगळं ऐच्छिक होतं आणि व्हाउचरच्या मागच्या पानावर तसं लिहिलेलंही होतं.

मी असते तर ह्या कुटुंबाला एकत्र पाठवलंच नसतं. आपल्याकडे सगळ्यांनी सगळं एकत्र केलं पाहिजे हा जो हट्ट असतो तो वाळवंटात महागात पडतो. आजी-आजोबा, वहिनी आणि छोटीला खाडीवरच्या धाऊ क्रूझला, बाकीच्यांना सफारीला. धाऊ म्हणजे जुन्या पद्धतीचं लाकडी जहाज, असली जहाजं बांधणारे सुतार आपल्या केरळात बेपूरला पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आजोबांना तेवढं सांगितलं की ते खूश. खुर्ची-टेबल, खालचा मजला एसी, स्वच्छतागृह जवळ, दोन तासांत खेळ खलास, तनुराचा छोटा कार्यक्रम तिथेही असतो. आणि संकष्टीला तर ते चपखल बसतं, जहाज साधारण साडेआठला सुटतं, जेवण त्यानंतर लागतं, म्हणजे वरच्या डेकवर आधी चंद्र आणि मग ताट. फक्त संध्याकाळी सहाला काहीतरी पोटात हवं, नाहीतर पुण्याच्या पोटाला ते साडेदहाचं जेवण होतं.

जानेवारीत वहिनींच्या माहेरचे लोक गेले, कर्वेनगरचे, सहा जण, त्यांचं माझ्याकडून झालं. शनिवार-रविवार टाळला, २०२२ पासून तिकडची सुट्टी शनिवार-रविवारच असते आणि कॅम्प तेव्हा भरतात. गाडी अख्खी स्वतःची घेतली. दुपारी फक्त दहीभात. आदल्या दिवशी मी टूरवाल्याला नाही तर थेट सफारीवाल्याच्या नंबरवर मेसेज टाकला: दो लोग डून बॅशिंग नहीं करेंगे, सीधा कॅम्प, दो कुर्सी चाहिए, छह में से छह व्हेज. उत्तर आलं ‘ओके’, तरी सकाळी ड्रायव्हरला फोन करून तेच परत सांगायला लावलं. जेवायला उशिरा उठायचं असं ठरवून गेले आणि शो पूर्ण पाहिला. खुर्च्या मिळाल्या, एकच मिळाली म्हणजे, दुसरी मागून आणावी लागली. गाडीचे पैसे जास्त झाले ते झालेच, आणि डाळ गार होती म्हणाले, उशिरा गेल्यावर ते होणारच.

आता सहकारनगरच्या धाकट्या सूनबाईंच्या माहेरच्यांनी विचारलंय, त्यांना नाच नकोच आहे, आजेसासूबाई बरोबर आहेत. त्यांना रमजानातली तारीख सुचवली. त्या महिन्यात बेली डान्स नसतो, गाणी-बजावणी बंद किंवा अगदी बेतानं, वाळू आणि उंट आणि जेवण तेवढंच. दिवसा उघड्यावर खाताना-पिताना जरा भान ठेवावं लागेल हे सांगितलंय, त्यावर त्यांचं उत्तर आलं की दुपारी आम्ही झोपतोच.